मॉम वेल्डाच्या खोल्या

संध्याकाळी सहाला जेवणघराची दारं उघडायची आणि साठ मुलं आपापल्या खुर्चीमागे उभी राहायची. बसायचं कुणीच नाही. मग ज्याची पाळी असेल तो मुलगा पुढच्या दाराजवळच्या खोलीवर टकटक करायचा, कोपर पुढे करायचा आणि वेल्डा ड्रायलिंगला हाताला धरून टेबलाच्या टोकाशी आणायचा. ती बसली की साठ खुर्च्या एकदम सरकायच्या. तिने काटा उचलला की साठ काटे उचलले जायचे. तिने रुमालाची घडी करून ताटाशेजारी ठेवली की मगच मुलांना उठता यायचं.

त्या मंगळवारी सकाळपासून तिचं पोट बिघडलं होतं. समोर भाजलेलं मांस, कुस्करलेला बटाटा आणि वर तपकिरी रस्सा. वासानेच तिला मळमळलं.

"तुम्ही जेवा रे पोरांनो, मी आज नुसता चहा घेते," ती म्हणाली.

"असं कसं, मॉम?" शेजारी बसलेला गॅरेट म्हणाला. गॅरेट स्टकी हा त्या वर्षीचा, घरातल्या विद्यार्थी-मंडळाचा अध्यक्ष. उंच, गोरटेला, शेतकऱ्याचा मुलगा. "तुम्ही सुरुवात केल्याशिवाय कुणी हात लावणार नाही."

"अरे, मीच सांगतेय ना."

"नियम आहे, मॉम," तो मायेने म्हणाला.

तिने काट्याच्या टोकावर बटाटा घेतला, तोंडात घातला, गिळला. भांड्यांचा एकच खणखणाट सुरू झाला. अर्धा तास ती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिली. पोरांनी उभं राहून तिच्यासाठी मंडळाचं गाणं म्हटलं. मग खोलीत आल्यावर तिने न्हाणीघरातला नळ सोडला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये, आणि सगळं ओकून टाकलं.

मॅनहॅटन म्हटलं की कॅन्ससच्या माणसाला समुद्राकाठचं ते मोठं शहर आठवत नाही. त्याला आठवतं ते आपल्याच राज्यातलं त्या नावाचं गाव, तिथलं विद्यापीठ, जांभळे झेंडे आणि एप्रिलमध्ये टेकड्यांवरचं वाळलं गवत पेटवलं की गावभर पसरणारा धूर. विद्यापीठाला लागून मुलामुलींच्या मंडळांची घरं होती. चुनखडीच्या दगडाची, दारावर तीन-तीन ग्रीक अक्षरं मिरवणारी. प्रत्येक घराला एक गृहमाता. ती बहुधा विधवाच असायची, कारण नवरा असलेली बाई साठ पोरांच्या घरात दोन खोल्यांत राहायला कशाला येईल?

वेल्डाही तशीच आली. तिचा नवरा क्लीटस हेजजवळच्या एका चिमुकल्या गावात धान्याच्या कोठारावर होता. राहतं घर कोठाराच्या कंपनीचं. सुगीच्या ऐन धामधुमीत, गव्हाच्या ट्रकची रांग लागलेली असताना, क्लीटस वजनकाट्याशेजारी कोसळला आणि गेला. कंपनीची माणसं भली होती. त्यांनी तिला हिवाळा काढू दिला. मग चर्चमधल्या पाद्रीबाबांनी हेजच्या कॉलेजातल्या मुलींच्या घराची जागा सुचवली. तिथे मुलींची संख्या घटली आणि ते घर बंद पडलं. मग एम्पोरियाला मुलांचं घर. तिथे नवे विश्वस्त आले, त्यांना तरुण बाई हवी होती. मग मॅनहॅटन, आणि इथे मात्र ती मुरली. राज्यातल्या तीन कॉलेजांत तिची उमर गेली, पण एकाही वर्गात ती कधी बसली नाही. बसायची तिला फारशी हौसही नव्हती.

तिला हौस होती ती वेगळ्याच गोष्टीची. एकदा तरी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पातेल्यातूनच काहीतरी खावं. केस न विंचरता टपाल आणायला जावं. इथे ते शक्य नव्हतं. ती दिवाणखान्यात आली की सोफ्यावर लोळणारी, टीव्हीवर सामना बघणारी मुलं ताडकन उभी राहायची. ती गेल्यावरच बसायची. त्यामुळे मधल्या दिवाणखान्यातून जाणं म्हणजे दहा-बारा पोरांची कवायत घेणं. तिने हळूहळू बाहेर जाणंच कमी केलं. उन्हाळ्यात घर बंद व्हायचं तेव्हा सामान खोक्यांत भरून ती विचिटाला मुलीकडे, रेनिटाकडे, जायची. तिथे शिवणाच्या खोलीत घडीची खाट. नातवंडं "आजी कधी जाणार?" असं सहज विचारायची, वाईट हेतू नसायचा त्यात.

तिची एकच हक्काची जागा होती, ती म्हणजे नणंद एर्मा. क्लीटसची धाकटी बहीण. हेजला जोडघर बांधून राहायची, एका बाजूला स्वतः, दुसरी बाजू भाड्याने. तोंडाची फटकळ. त्या हिवाळ्यात एर्माचा फोन आला.

"माझी भाडेकरीण मेमध्ये चाललीय," एर्मा म्हणाली. "ती बाजू रिकामी होतेय. तू ये."

"मी?"

"नाही, राज्यपालांना बोलावतेय. अगं, तूच! किती वर्षं त्या पोरांचे मोजे मोजत बसणार आहेस?"

"मोजे नाही मोजावे लागत गं."

"मग काय करतेस दिवसभर?"

वेल्डाने मनातल्या मनात यादी केली. चादरींचं वेळापत्रक, आचाऱ्याशी जेवणाचं ठरवणं, भेटीला आलेल्या आयांना चहा. सांगायला गेलं तर सगळं फुटकळ वाटलं.

"येते," ती म्हणाली. "जूनमध्ये येते."

"वचन?"

"वचन, बाई."

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला गुणगुणावंसं वाटलं. पण पलीकडच्या भिंतीआड कुणीतरी अभ्यास करत असेल म्हणून ती गप्प राहिली.

आता सांगायचं कसं आणि कुणाला? गॅरेटला गाठायचं तिने दोनदा ठरवलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "गॅरेट, पुढच्या वर्षाबद्दल बोलायचंय." तो लगेच म्हणाला, "मॉम, पुढच्या वर्षाचं आमच्यावर सोडा, तुम्ही काही काळजी करू नका," आणि गूढ हसला. दुसऱ्यांदा तो घाईत होता. मग तिने ठरवलं, मार्चमध्ये आईवडिलांच्या भेटीचा दिवस असतो, सगळे विश्वस्त येतात, तेव्हा सांगून टाकू.

त्या दिवशी जेवणघरात टेबलांवर जांभळी फुलं होती. आचाऱ्याने मुलांच्या हट्टापायी चिली, म्हणजे मांस-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल केले होते, आणि रेशमी ब्लाउजातल्या आया रोलचा तुकडा चिलीत बुडवून खात होत्या. जेवण संपताना विश्वस्तांपैकी डॉइल उठला.

डॉइल हॉस्टेटलर हा वेल्डाच्या इथल्या पहिल्या वर्षाचा मुलगा. त्या वर्षी त्याची आई कॅन्सरने गेली होती. परीक्षा, आजारी बाप, धाकटी भावंडं, आणि तो पोरगा वेल्डाच्या खोलीतल्या खुर्चीवर येऊन नुसता बसायचा. ती विणत बसायची. बोलायचे नाहीत दोघं फारसे. आता डॉइल पस्तिशीचा, टोपीकाला बियाणांचा मोठा धंदा, पोट सुटलेलं.

"माझी आई मला दोनदा मिळाली," डॉइल म्हणाला. "म्हणून आम्ही जुन्या मुलांनी ठरवलंय. मॉम वेल्डाला या घरातून कधीच कुठे जावं लागणार नाही. मागच्या अंगाला आपण त्यांच्यासाठी नव्या खोल्या बांधतोय. उन्हाळ्यातही त्यांनी इथेच राहायचं. पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. आणि दारावर त्यांचं नाव कोरायचंय. मॉम, जन्मभरासाठी!"

साठ मुलं, त्यांचे आईबाप, विश्वस्त, सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. कोपऱ्यात नकाशा मांडला होता. त्यावर पेन्सिलीने काढलेली छोटीशी बाग आणि बागेत खुर्चीवर बसलेली एक म्हातारी.

वेल्डा उठली. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. महिनाभर घोकलेलं. डॉइल समोर उभा होता, डोळे पुसत, अगदी त्या खुर्चीत बसायचा तसा.

"मुलांनो," ती म्हणाली, "मला काय बोलावं कळत नाही."

लोकांना वाटलं, आनंदाने. पुन्हा टाळ्या पडल्या. मग ती "आभारी आहे" म्हणाली आणि खाली बसली.

रात्री तिने एर्माला फोन केला.

"एकच वर्ष," वेल्डा म्हणाली. "त्यांनी बांधकाम काढलंय. एक वर्ष राहते, मग येते."

"त्यांनी बांधकाम काढलं, तू तोंडातून शब्द का नाही काढलास?"

"डॉइल रडत होता गं."

"आणि मी काय पडदे शिवून हसत बसलेय? पिवळे शिवलेत तुझ्यासाठी. तुला पिवळा आवडतो म्हणून."

"एर्मा..."

"राहू दे. क्लीटसशी लग्न करतानाही तू 'हो' म्हणायला दोन वर्षं लावलीस, आणि 'नाही' तर तुला अजून म्हणताच येत नाही." तिने फोन आपटला. जूनमध्ये ती बाजू दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका नव्या जोडप्याला गेली. पिवळ्या पडद्यांसकट.

ऑगस्टमध्ये खोल्या तयार झाल्या. चांगल्याच होत्या, नाव ठेवायला जागा नव्हती. रुंद खिडक्या, मऊ गालिचा, धरायला दांडे. दारावर पितळी पाटी, तिच्यावर वेल्डाचं नाव. फक्त एक गोष्ट होती. पूर्वी तिची खोली पुढच्या दाराशी होती. चार पावलं टाकली की रस्ता. आता ती घराच्या पार पोटात आली होती. तिचं दार उघडायचं ते जेवणघरात. तिथून दिवाणखाना, तिथून ओटी, मग बाहेर. मागच्या बागेत उघडणारं दुसरं दार होतं, पण त्यावर लाल दांडा. ते आगीच्या वेळचं. विमा कंपनीची अट, आणि विश्वस्तांनाही धाक की पोरं त्या वाटेने बिअरच्या पेट्या आत आणतील. दांडा दाबला की साऱ्या घरात भोंगा वाजायचा आणि अग्निशमनवाल्यांनाही आपोआप कळायचं.

"हे दार मला वापरता येईल असं करा ना," तिने गॅरेटला सांगितलं.

"विचारतो, मॉम." त्याने खरंच विचारलं. विश्वस्तांनी विमा कंपनीला विचारलं. उत्तर आलं, नाही.

त्यामुळे बाग तिला नुसती काचेतून दिसायची. नकाशातल्यासारखीच होती, खुर्चीसुद्धा ठेवली होती. खुर्चीवर बसायचं तर जेवणघर, दिवाणखाना, ओटी, मग घराला वळसा घालून गाड्यांच्या मधून जावं लागायचं. तोवर वाटेत वीसेक पोरं उभी राहून "कुठे निघालात मॉम? सोडू का गाडीने?" म्हणून विचारायची. दोनदा ती गेली. दुसऱ्यांदा एकाने छत्री आणून डोक्यावर धरली, ऊन लागू नये म्हणून, आणि ती उठेपर्यंत धरूनच उभा राहिला.

एकदा तर तिने कमालच केली. दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं, गाडी काढली आणि सरळ लॉरेन्स गाठलं. लॉरेन्सचं विद्यापीठ म्हणजे मॅनहॅटनवाल्यांचं जन्माचं वैर. तिथे निळा रंग, आपल्यातलं कुणी तिथे कशाला फिरकतंय! एका खानावळीत ती खिडकीशी बसली, चेरीचं सारण भरलेला गोड पदार्थ, 'चेरी पाय', मागवला आणि हाताने मोडून खाऊ लागली. बोटं लाल झाली. कुणी बघत नव्हतं. वाढणारी मुलगी "आणखी कॉफी, आजीबाई?" म्हणून गेली, तेवढंच. वेल्डाला वाटलं, इथेच राहावं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. "मॉम वेल्डा?" टक्कल पडत आलेला एक माणूस हातातला रुमाल टेबलावर टाकून ताठ उभा राहिला होता. एम्पोरियाच्या घरातला मुलगा. बायको निळ्या विद्यापीठाची, म्हणून इथे राहत होता. त्याने आपल्या दोन्ही लेकरांनाही उभं केलं. "ही मॉम. हिने मला टाय बांधायला शिकवलं." वेल्डाने लाल बोटं टेबलाखाली पुसली. त्याने तिचे पैसे देऊन टाकले. बाहेरपर्यंत पोचवलं. गाडीचं दार लावून दिलं.

परतीच्या रस्त्यावर तिला रडू आलं, आणि रडण्याचीही लाज वाटली. हाल कुणी केले होते तिचे? कुणी वाकडा शब्द बोललं होतं? तक्रार करायची तर कसली करणार?

फेब्रुवारीत बर्फ पडलं. सकाळी नुकतं उजाडलं होतं, घर झोपलेलं. वेल्डा झोपेच्या झग्यावर कोट घालून काचेशी उभी होती. बागेतल्या खुर्चीवर बर्फाची उशी साचली होती. कुंपणापाशी ससा होता. इतकं स्वच्छ, कोरं बर्फ तिने हेज सोडल्यापासून जवळून पाहिलं नव्हतं. तिथे ती आणि क्लीटस सकाळी कोठाराकडे जाताना पहिली पावलं त्यांचीच पडायची.

तिने जेवणघराच्या दाराकडे पाहिलं, लाल दांड्याकडे पाहिलं, आणि दांडा दाबला.

भोंग्याने घर हादरलं. ससा पळाला. वेल्डा चपला घालून बर्फात उतरली आणि मागे न बघता बागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वर खिडक्या उघडल्या, आरडाओरडा झाला, आणि साठ मुलं चड्डीवर, ब्लँकेटात, एकेका पायात बूट घालून पुढच्या अंगणातून वळसा घालत धावत आली.

"मॉम! मॉम कुठंयत?"

"सापडल्या! मागे आहेत!"

"धूर कुठंय?"

गॅरेट अनवाणी होता. त्याने आपलं ब्लँकेट तिच्या खांद्यावर टाकलं. "मॉम, काय झालं? आग कुठे लागली?"

"आग नाही रे."

"मग दार का उघडलंत?"

"मला बाहेर यायचं होतं."

"कशाला?"

"बाहेर यायला," वेल्डा म्हणाली.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "डॉक्टरला बोलवायचं का?" ते तिच्या कानावर पडलं आणि तिला एकदम राग आला. कितीतरी वर्षांनी आलेला, चांगला सणसणीत.

"डॉक्टर कशाला? मी ठणठणीत आहे. ऐका सगळेजण. मी मेमध्ये चाललेय. हेजला, माझ्या गावाकडे. गेल्या वर्षीच जायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. तुमच्यावर रागावलेय म्हणून नाही. मला जायचंय म्हणून जातेय."

अग्निशमनाची गाडी वळणावर घंटा वाजवत आली. कुणी हललं नाही.

"पण मॉम," गॅरेट काकुळतीला येऊन म्हणाला, "दारावर तुमचं नाव आहे."

"ते काढा नाहीतर राहू द्या. मला त्याचं काही नाही. आणि आता आत जा, गारठून मराल."

दुपारी डॉइल टोपीकाहून आला. तिच्या नव्या खोलीत, तिच्या जुन्या खुर्चीवर बसला. खुर्ची आता त्याला अपुरी पडत होती.

"काय कमी पडलं, मॉम? पगार? मदतीला बाई हवी? ते दार मी उद्याच बदलून घेतो, विमा गेला खड्ड्यात."

"दार नको बदलूस."

"मग काय करू ते तरी सांगा!"

"काही करू नकोस, डॉइल. तू फार केलंस. मला करवून घ्यायचा कंटाळा आलाय."

त्याचा चेहरा पडला. "आम्ही सगळ्यांकडून तुमच्या नावाने पैसे गोळा केलेत. लोकांना काय सांगू?"

"सांग की म्हातारी हट्टी निघाली."

"माझ्या आईने असं केलं नसतं," तो म्हणाला. बोलून गेला, आणि लगेच त्याला ते टोचलं असावं, कारण तो खाली बघू लागला. वेल्डालाही लागलं. पण तिने समजूत घातली नाही. आजवर तिने त्याची प्रत्येक वेळी घातली होती. तो बराच वेळ बसून राहिला. ती विणत राहिली. जाताना त्याने टोपी घातली, दारावरच्या पाटीकडे बघितलं आणि गेला. मेमध्ये निरोपाच्या जेवणाला तो आला नाही. फुलं मात्र पाठवली, खाली नुसतं नाव.

हेजला एर्माच्या घरात जागा नव्हतीच. दातांच्या दवाखान्यातल्या जोडप्याला मूल झालं होतं आणि ती मंडळी हलायला तयार नव्हती. वेल्डाने दोन गल्ल्या सोडून एक जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. हिवाळ्यात खिडक्यांतून वारा शिरायचा आणि तळघरात पाणी यायचं. पहिले दोन महिने ती फार एकटी पडली. कधी कधी पाऊल वाजलं असं वाटून दचकायची, आणि कुणी नाही हे कळल्यावर हायसं वाटायचं की वाईट, हे तिचं तिलाच कळायचं नाही. एर्मा रोज येऊन बोलून दाखवायची, "पिवळ्या पडद्यांत आता ते पोर ओकतंय, तुझ्या कृपेने." पण रोज यायची हेही खरं.

जानेवारीत एका दुपारी दारावर थापा पडल्या. बाहेर गॅरेट आणि चार मुलं. बर्फावर घसरायला कोलोरॅडोला निघाली होती, महामार्ग हेजवरूनच जातो. "मॉम! शौचालय वापरू का? आणि खायला काय आहे?"

तिच्याकडे कोबी-मांस भरलेल्या पावांचा एकच घाणा होता, आठवडाभर पुरावा म्हणून केलेला. ती दारात क्षणभर उभी राहिली. "बूट बाहेर काढा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी फोन करून या. मी घरी नसेन कदाचित."

पोरांनी बूट काढले नाहीत. पाव संपवले, गरम होते म्हणून तोंडं भाजून घेतली, नेहमीसारखी येऊन बसलेल्या एर्माला चिडवलं, एर्माने त्यांना दुप्पट चिडवलं. अध्यक्ष आता दुसरा होता, नवी गृहमाता आली होती, ती म्हणे पत्ते छान खेळते. वेल्डाने ऐकून घेतलं. थोडं लागलं, थोडं बरं वाटलं.

गाडी वळणाआड गेल्यावर एर्मा चिखलाने भरलेली फरशी बघत म्हणाली, "पुसायचं फडकं कुठंय?"

"राहू दे," वेल्डा म्हणाली आणि कोट अंगात चढवू लागली.

"अगं, पण कुठे निघालीस?"

"बाहेर. तू येतेस की बसतेस?"

"थांब, माझी टोपी," एर्मा म्हणाली. "आणि दार ओढून घे, नाहीतर मांजर आत येईल."